दार लावण्यापूर्वी



कीर्तन सोडून मला आता सहा वर्षे झाली. गळा गेला, गुडघे गेले, दोन तास उभे राहून निरूपण करण्याची ताकद राहिली नाही. तरी नाटे गावी आमच्या पडवीत कोणी ना कोणी येऊन बसतेच. येणारा मुंबईचा चाकरमानी असो की बंदरावरचा तांडेल असो, चहा झाला की प्रश्न बहुधा एकच असतो. "बुवा, कळते सगळे, पण वेळेवर मन आवरत नाही. काय करू?" कोणाचे मन बाटलीकडे धावते, कोणाचे मोबाइलकडे, कोणाचे पैशाकडे. आणि रागाकडे तर सगळ्यांचेच धावते.

हा प्रश्न अर्जुनानेही विचारला होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात त्याने वाऱ्याची मोट बांधणे आणि मन बांधणे सारखेच अवघड आहे, अशी कबुली दिली. भगवंतांनी त्याला रागावून गप्प केले नाही. अवघड आहे हे मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य ही दोन औषधे सांगितली. या एका प्रसंगावर मी आयुष्यात किती कीर्तने केली असतील, याची मोजदाद नाही. पण आज तेच औषध मी तुम्हाला दुसऱ्या एका घरच्या खलबत्त्यात कुटलेले दाखवणार आहे. त्या घराचे माझ्यावर एक ऋण आहे, ते ओघात सांगेनच. आणि ते घर परदेशातले समजू नका. ते आपल्या कोकणातलेच आहे.

आजच्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाब्यात, अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे नांदले. हे यहुदी धर्माचे लोक. दिवेकर, केहीमकर, अष्टमकर, पेणकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. भाषा मराठी, बायकांचे नेसणे लुगडे, जेवण भात-आमटी. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली. त्या जागी आज त्यांचे स्मारक उभे आहे. ग्रंथ होते ते समुद्राच्या पोटात गेले. पुढच्या पिढ्या हिब्रू भाषाही विसरल्या. शिकवायला गुरू नाही, वाचायला पोथी नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

मग राहिले काय? ईश्वर एक आहे हे सांगणारी शेमा नावाची एक छोटी प्रार्थना राहिली. मुलाची आठव्या दिवशी सुंता करण्याची चाल राहिली. खाण्यापिण्याचे थोडे नियम, थोडे उपास राहिले. आणि शनिवार राहिला. ग्रंथ गेले, भाषा गेली, पण नेम राहिला, आणि त्या नेमाने समाज राखला.

त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फिरत नसे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव ठेवले 'शनवार तेली'. सोमवारी महादेवाचा वार म्हणून घाणा बंद ठेवणारे आपले हिंदू तेली, ते 'सोमवार तेली'. शेजाऱ्याने शेजाऱ्याला त्याच्या जातीने किंवा रंगाने न ओळखता तो कोणत्या दिवशी थांबतो यावरून ओळखावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता जरा त्या घाण्यापाशी उभे राहून पाहा. शनिवार सकाळ. दारात गिऱ्हाईक भांडे घेऊन उभे आहे. घरात तीळ आहे, खोबरे आहे, बैल धष्टपुष्ट आहे. रोकडा पैसा समोर आहे. आणि तेली म्हणतो, आज नाही. त्याला कोणी पाहत नव्हते. त्याचे धर्मगुरू हजारो कोस दूर, त्यांना हा तेली जगात आहे हेही ठाऊक नाही. नेम मोडला असता तर दंड करणारे कोणी नव्हते. तरी घाणा थांबला. शिवाय त्यांच्या शास्त्राप्रमाणे त्या दिवशी मालकाने बसायचे आणि गड्याला राबवायचे असे चालत नाही. नोकरालाही विसावा आणि मुक्या जनावरालाही विसावा. गोल गोल फिरणाऱ्या त्या बैलाचे जू सातव्या दिवशी खाली येत असे.

सज्जनहो, यात मनोनिग्रहाचे पहिले मर्म आहे. आपण काय करतो? मोहाचा प्रसंग आला की त्या वेळी मनाशी वाद घालतो. घेऊ की नको, बोलू की नको. वाद घालण्यात मन आपल्यापेक्षा हुशार आहे, ते नेहमी जिंकते. शनिवारी काम नाही, हे ज्याचे आधीच ठरले आहे, त्याला दर शनिवारी नव्याने भांडावे लागत नाही. आपली एकादशीही तशीच आहे. एकादशीला सकाळी उठून आज जेवू का, असे माळकरी स्वतःला विचारत नाही. आमच्या बंदरातही हेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. सरकारी कायदा नंतरचा, त्याच्या आधी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत होतीच. माशांच्या विणीचा काळ हा. आज जो हात आवरतो, त्याच्याच जाळ्यात पुढे मासळी येते.

माशावरून त्यांची एक कथा आठवली. दावीद रहाबी नावाचा यहुदी पंडित कोकणात आला, असे ते सांगतात. हे लोक खरोखर आपले आहेत का, याची त्याला परीक्षा पाहायची होती. त्याने बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी टाकली आणि शिजवायला सांगितले. यहुदी शास्त्राला पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. त्या बायकांनी काही न विचारता मासळी निवडली. ज्यांना पर आणि खवले नव्हते, ते मासे बाजूला सारले. पंडिताला खूण पटली. पोथी वाचता न येणाऱ्या त्या बायकांच्या हातात शास्त्र टिकले होते. माळ गळ्यात घालून कोकणात राहणाऱ्या माझ्यासारख्याला या कथेचे मोल अधिक कळते. शेजारच्या चुलीवर कोळंबी शिजत असते आणि आपण आपल्या ताटातल्या डाळीला नमस्कार करत असतो.

पण संयम म्हणजे इच्छा मारून टाकणे, असे कोणी समजेल, तर तेही बरोबर नाही. यहुद्यांच्या तालमूद या महाग्रंथात यावर एक गमतीदार आख्यायिका आहे. एकदा ज्ञानी लोकांनी प्रार्थना करून माणसाच्या मनातली वासनाच पकडली आणि कोंडून ठेवली. आता जगात पाप राहणार नाही, असे त्यांना वाटले. तीन दिवस गेले. एका आजाऱ्यासाठी ताजे अंडे हवे झाले, तर सगळ्या देशात एक ताजे अंडे मिळेना. कोंबड्यांनी अंडी घालणेच सोडले होते! तेव्हा त्यांना कळले की हिला मारली तर जगाचा संसारच थांबेल. मग त्यांनी वासनेचे डोळे अधू करून तिला सोडून दिले. त्यांचे ऋषी म्हणतात की ही ओढ नसती तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, व्यापार केला नसता. धर्माच्या आड न येणारा काम तो मीच, असे भगवंत सातव्या अध्यायात सांगतात, त्याचा हाच आशय आहे. बैल मारायचा नाही, जुंपायचा आहे, आणि सातव्या दिवशी त्याचे जू उतरवायचेही आहे.

कोकणातल्या या मंडळींजवळ ग्रंथ नव्हते, पण युरोपातल्या त्यांच्या धर्मबांधवांजवळ ग्रंथांचे भांडार होते. तिथे १८०८ साली मेंडेल लेफिन नावाच्या पंडिताने आत्म्याचा जमाखर्च कसा ठेवावा, यावर एक पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनची रीत त्याने उचलली होती. तेरा गुण निवडायचे. एका आठवड्यात एकाच गुणाकडे लक्ष द्यायचे आणि रोज रात्री वहीत चुकांची खूण करायची. तेरा आठवडे झाले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षात चार फेरे होतात. पुढे लिथुआनियात इस्राएल सालांतर नावाचे मोठे गुरू झाले. ते १८८३ साली वारले. त्यांच्या प्रेरणेने हे पुस्तक पुन्हा छापले गेले. ते आपल्या शिष्यांना सांगत की नीतीचे वचन नुसते वाचून आत उतरत नाही. ते मोठ्याने, सुरावर, पुन्हा पुन्हा घोळवा, हृदय हलले पाहिजे. हे मी वाचले तेव्हा हातातले पुस्तक कपाळाला लावले. आपला हरिपाठ दुसरे काय आहे?

इथपर्यंतचे सगळे मला पुष्कळ आधी कळले असते तरी उपयोग झाला नसता. कारण माझा रोग वेगळा होता. आता ते ऋण सांगतो.

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला. वडील गेल्यावर कलमांच्या बागेतल्या एका पाणंदीवरून आमचे वाजले. वाट पाच हात रुंद, त्यापलीकडे काही नाही. एका शिमग्याला पालखी दारात आली असताना, साऱ्या वाडीसमोर, मी धाकट्याला बापाच्या जमिनीचा चोर म्हटले. तो एक शब्द बोलला नाही, घरात निघून गेला. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. आमच्या दोन घरांत चाळीस पावलांचे अंतर आहे. त्या अकरा वर्षांत माझी एक एकादशी चुकली नाही, एक वारी चुकली नाही. शांतिब्रह्म एकनाथ महाराजांच्या अंगावर थुंकणाऱ्याची कथा मी अशी रंगवत असे की लोक डोळे पुसत. घरी परतताना मात्र धाकट्याच्या खळ्याकडे पाहायला नको, म्हणून मी मागच्या वाटेने येत असे.

पस्तीसएक वर्षे झाली असतील. भाद्रपदात रेवदंड्याच्या बाजूला एका सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ भेटायला आले. डोक्यावर काळी टोपी, अस्सल अलिबागी मराठी. म्हणाले, "बुवा, आम्ही इस्रायली. पण कीर्तन आमच्या घरचंच आहे." मला वाटले थट्टा करतात. तेव्हा त्यांनी सांगितले की १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले होते. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारखे त्यांचे कीर्तनकार साकी, दिंडी, आर्या म्हणत अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने मराठीत लावत. हिब्रू न येणाऱ्या आपल्या लोकांना आपला धर्म त्यांनी आपल्या कीर्तनाच्या वाटेने शिकवला. ऐकून मी थक्क झालो. म्हटले, "आजोबा, एखादे आख्यान सांगा." त्यांनी ओसरीवर बसून योसेफाचे आख्यान सांगितले. ते मी तुमच्यापुढे ठेवतो.

याकोबाला बारा मुलगे. योसेफ बापाचा लाडका, म्हणून थोरले भाऊ जळत. तो सतरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला आधी एका कोरड्या विहिरीत टाकले, मग वीस चांदीच्या नाण्यांना व्यापाऱ्यांना विकून टाकले. तो मिसर देशात पोटीफर नावाच्या सरदाराच्या घरी गुलाम झाला. धन्याची बायको त्याच्यावर भाळली, रोज त्याच्या मागे लागे. एके दिवशी तिने त्याचे वस्त्र धरले. तो वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. त्याचे बक्षीस काय मिळाले? खोटा आळ आणि तुरुंग. कोणी पाहणारे नाही, घरचे विचारणारे नाहीत, आणि तरी तो ढळला नाही. म्हणून यहुदी त्याला सत्पुरुष योसेफ म्हणतात.

"बुवा, लोक इथंच थांबतात," आजोबा म्हणाले. "खरी परीक्षा पुढं आहे."

पुढे राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफ तिसाव्या वर्षी मिसरचा कारभारी झाला. सात वर्षे सुकाळ, त्याने कोठारे भरली. मग दुष्काळ पडला आणि धान्य मागायला त्याचेच दहा भाऊ त्याच्यापुढे येऊन दंडवत पडले. त्याने त्यांना ओळखले. त्यांनी त्याला ओळखले नाही. आता विचार करा, बाबांनो. ज्यांनी विहिरीत टाकले, ते पायाशी पडले आहेत. हातात सत्ता आहे. एक शब्द बोलला असता तर दहाही मुंडकी उडाली असती. तो त्यांच्याशी कठोर बोलला खरा, पण मागे वळून रडला. दुसऱ्या खेपेला ते योसेफाचा सख्खा धाकटा भाऊ बन्यामीन याला घेऊन आले. त्याला पाहून योसेफ आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतले, स्वतःला आवरले आणि बाहेर येऊन म्हणाला, वाढा.

मग त्याने बन्यामीनच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवून त्याला चोर ठरवला. भाऊ अजून तसेच आहेत की बदलले, हे पाहायचे होते. तेव्हा यहूदा पुढे आला. ज्याने योसेफाला विकायची युक्ती काढली होती, तोच हा यहूदा. तो म्हणाला, या पोराच्या जागी मला गुलाम करा, म्हाताऱ्या बापाला हे सोसणार नाही. ते ऐकले आणि योसेफाला स्वतःला आवरता आले नाही. सगळ्यांना बाहेर काढून तो इतक्या मोठ्याने रडला की आवाज राजवाड्यापर्यंत गेला. मीच तुमचा भाऊ योसेफ, असे सांगून त्याने त्यांना गळ्याशी धरले.

पुढे मी वाचले की आधीच्या 'आवरले' आणि नंतरच्या 'आवरता आले नाही' या दोन्ही ठिकाणी मूळ हिब्रूत एकच क्रियापद आहे. त्याने रागाचा हात आवरला, आणि तो आवरल्यामुळेच पुढे मिठीसाठी हात मोकळा राहिला. पहिल्याच दिवशी सूड घेतला असता तर मिठी मारायला भाऊ उरला नसता.

आख्यान संपले. आजोबांनी सहज विचारले, "बुवा, तुम्हाला भाऊ किती?"

"एक."

"त्याने ऐकलंय का कधी तुमचं कीर्तन?"

मी काही बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाला न बोललेलेही ऐकू येते. जाताना म्हणाले, "आता आमची दरफाळणी जवळ आली."

दरफाळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. दार लावण्याचा सण, असे कोकणी नाव त्यांनी त्याला दिले. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, घराचे दार लावून, निर्जळी उपास करून देवाची क्षमा मागायची. मी म्हटले, "आमच्या निर्जळी एकादशीसारखेच." ते म्हणाले, "हो. पण आमच्यात एक अट आहे. देवाचा अपराध केला असेल तर तो या उपासानं फिटतो. माणसाचा केला असेल तर त्या माणसाकडं जाऊन त्याची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. दार लावण्यापूर्वी त्याचं दार ठोठवावं लागतं."

सज्जनहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या अकरा वर्षांच्या एकादश्या माझ्याभोवती उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, आम्ही कशासाठी होतो? उपास ही तालीम आहे. जोर-बैठका रोज मारायच्या, पण त्या कुस्तीसाठी. मी पैलवान असा की तालमीत घाम गाळतो आणि फडावर मागच्या वाटेने पळतो. खरा बलवान कोण, या प्रश्नाला बेन झोमा नावाच्या यहुदी ऋषीने उत्तर दिले आहे की जो आपल्या ओढीवर मात करतो तो. माझी ओढ भाकरीची नव्हतीच. माझी ओढ, मी बरोबर होतो हे म्हणत राहण्याची होती, आणि तिला मी एक दिवसही उपाशी ठेवले नव्हते.

आणखी एक आठवले. तुकोबारायांनी कर्जाची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली होती. त्यात एक बारकावा आहे, तो मी घाईने सांगून पुढे जात असे. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला वाटा मागितला. तुकोबांनी कागदांचे दोन भाग केले. कान्होबाचा भाग कान्होबाला दिला आणि फक्त स्वतःचा बुडवला. भावावर आपला त्यागही त्यांनी लादला नाही.

सप्ताह आटोपून मी नाट्याला आलो आणि सामान पडवीत ठेवून तसाच चाळीस पावले चालत गेलो. भावजयीने दार उघडले. धाकटा सुपारी कातरत बसला होता. मला पाहून म्हणाला, "ये दादा." वाटेत भाषण तयार केले होते, त्यातला शब्द आठवेना. म्हटले, "पाणंद तुझी." तो म्हणाला, "पाणंद कोण मागतंय? चारचौघांत बोललास तेवढं परत घे."

पुढच्या शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा साऱ्या वाडीसमोर मी हात जोडून तो शब्द परत घेतला. इतके जड निरूपण मी आयुष्यात केले नाही. त्यानंतर धाकटा माझ्या कीर्तनात टाळ धरू लागला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. पाणंदीवरून आज दोन्ही घरची माणसे ये-जा करतात. ती अकरा वर्षे मात्र मला कोणी परत दिली नाहीत, आणि त्याच्याही आयुष्यातली ती मीच खाल्ली.

ते आजोबा मला पुन्हा भेटले नाहीत. १९४८ नंतर त्यांचा बहुतेक समाज इस्रायलला गेला, तिथेही मराठी बोलतो असे ऐकतो. आपला त्यांचा देव पाहण्याचा मार्ग वेगळा आहे. त्यांना मूर्ती चालत नाही, आपला पांडुरंग विटेवर उभा आहे. पण मन आवरण्याच्या कामात त्यांच्याकडून शिकण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. मन आवरत नाही ना? आठवड्यात एक वेळ ठरवा, जेव्हा तुमचा घाणा थांबेल, आणि तुमच्या हाताखालच्या माणसालाही त्या वेळी विसावा द्या. आठवड्याला एकच दोष धरा, दहा धरू नका, आणि रात्री निजण्यापूर्वी हरिपाठानंतर खरा हिशेब करा. एवढ्याने अंगात बळ येईल. आलेले बळ कुठे खर्च करायचे, हे मात्र विसरू नका. आषाढी जवळ आली आहे. चातुर्मासाचे नेम तुम्ही धराल, कोणी कांदा सोडील, कोणी एकवेळ जेवील. अवश्य करा. पण नेमाचे पाणी सोडण्यापूर्वी मनात एकदा वाडीतून फिरून या. ज्या दारासमोरून तुम्ही मान वळवून जाता, ते दार कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यासारखी अकरा वर्षे लावू नका.

रामकृष्णहरी.